लाल पेटीतला गोळा

सकाळचा पेपर दारात पडला की पाठोपाठ सुधाकररावांचा फोन यायचा. इतकी वर्षं हेच आमच्या घरातलं घड्याळ होतं. बायको गॅसवर चहा ठेवता ठेवता म्हणायची, "घ्या, तुमच्या सरसेनापतींचा फोन." श्रावणातल्या त्या सकाळीही फोन नेहमीच्या वेळी वाजला, नाव त्यांचंच दिसलं, आणि मी नेहमीसारखा म्हणालो, "बोला, आज कुठली आघाडी कोसळली?" पलीकडून केतकीचा, त्यांच्या मुलीचा आवाज आला... "काका, बाबा गेले." वर्कशॉपला निघायचं म्हणून ते बूट घालायला दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. एक बूट पायात होता, दुसरा हातात, आणि त्यांच्या पत्नी मंगलअक्का डबा घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही. आधी जे बोललो ते मात्र डोक्यातून जात नाही. ते आठवलं की अजूनही मला खुर्चीवरून उठावं लागतं, गॅलरीत एक फेरी मारून यावं लागतं. हे लिहितानाही दोनदा उठून झालंय.

सुधाकरराव माझे साडू, म्हणजे आमच्या बायका सख्ख्या बहिणी. साडू हे नातं तसं गमतीचंच असतं. दोन बाप्यांना कोणी विचारलेलं नसतं, आणि जन्मभर प्रत्येक लग्नात, बारशात, मयतीत शेजारी शेजारी बसायची पाळी येते. मी पिंपरीच्या एका मोठ्या वाहन कंपनीत प्लॅनिंगला होतो. कुठला माल किती, कुठल्या शिफ्टला किती, यात माझा जन्म गेला. ते लातूरकडून आलेले, कासारवाडीत एका खोलीत चौघांबरोबर राहून आयटीआय केलेले, आधी दुसऱ्याच्या टूलरूममध्ये आणि मग भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचं वर्कशॉप टाकलेले. माझ्या साखरपुड्यात पंगतीला शेजारी बसले तेव्हा हा माणूस आता पगार विचारणार असं मला वाटलं. त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडत विचारलं, "तुमच्या मतानं दुसऱ्या महायुद्धातला रणगाडा चांगला कुठला?" मी हसलो. ते हसले नाहीत. उत्तराची वाट बघत बसले. मी जर्मनांचा भारी रणगाडा म्हणालो, कारण मला तेवढाच माहीत होता. त्यांनी मान हलवली आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं मला चूक ठरवण्यात घालवली.

लढायांचं हे वेड त्यांच्या गावच्या पारावर सुरू झालं होतं. गावात पासष्टच्या लढाईत खेमकरणला असलेला एक निवृत्त हवालदार होता. तो सांगायचा की समोरून पॅटन रणगाडे आले तेव्हा आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतांत सोडलं, आणि ती अमेरिकी बनावटीची नवी कोरी धुडं चिखलात रुतून बसली. आपले जुने रणगाडे उभ्या उसात दबा धरून होतेच. ज्यांच्या गावची काळी माती पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत गिळते त्यांना ही लढाई वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सुधाकररावांचं सगळं युद्धशास्त्र त्या चिखलातून वर आलं. "साडूभाऊ, तुमच्याकडं हिशेब लई हाय," ते मला म्हणायचे, "पण त्याच्यात चिखल कुठं हाय ते दाखवा." चांगलं शस्त्र कुठलं, तर जे चिखलात चालतं आणि जवळच्या लोहाराकडून दुरुस्त होतं, हे त्यांचं मत. एकाहत्तरला कराचीवर गेलेल्या छोट्या क्षेपणास्त्र-बोटींवर तर त्यांचा विशेष जीव होता. त्या मुळात बंदराची राखण करण्यासाठी घेतलेल्या, पल्ला कमी. मग आपल्या नौदलाने त्या मोठ्या जहाजांना दोर बांधून ओढत नेल्या. हे सांगताना ते दोन्ही हातांनी दोर ओढून दाखवायचे आणि मंगलअक्का आतून ओरडायच्या, "अहो, चादर ओढू नका, पोहे वाळत घातलेत तिच्यावर."

रविवारी मोशीला त्यांच्या फ्लॅटवर आमची लढाई लागायची. हॉलमधल्या फरशा म्हणजे नकाशा. वर्कशॉपमधून आणलेले रिजेक्ट बोल्ट म्हणजे पायदळ, मोठे नट म्हणजे रणगाडे, आणि तेलकट बुशिंग म्हणजे तोफा. ते रशियन, मी जर्मन. त्यात कधी बदल झाला नाही. मी म्हणायचो की माझा एक रणगाडा तुमचे पाच लांबूनच उडवतो. ते म्हणायचे, उडवू द्या, माझे सहा आहेत. मग ते त्या जर्मन रणगाड्याच्या चाकांवर यायचे. ती चाकं एकात एक गुंफलेली होती, आतलं एक बदलायचं तर बाहेरची उतरवावी लागायची, आणि थंडीत मधला चिखल गोठला की सगळं जाम. "कोण इंजिनियर हो हा? ह्यानं स्वतः कधी चाक खोललं होतं का?" असं ते खऱ्या संतापाने विचारायचे, जणू तो माणूस त्यांच्याच शेडमध्ये कामाला होता. संध्याकाळपर्यंत निकाल लागला नाही की डाव तसाच ठेवायचा असं ठरायचं, आणि सोमवारी सकाळी मंगलअक्का स्टालिनग्राड झाडून टाकायच्या. त्यांच्या केरसुणीपुढे दोन्ही सैन्यं सारखीच होती.

एक गोष्ट सांगताना मात्र त्यांचा आवाज बदलायचा. जर्मन चालून आले तेव्हा रशियनांनी आपले कारखाने उपसून, मशीन आगगाड्यांवर चढवून, उरल पर्वताच्या पलीकडे नेले आणि वर छप्पर चढायच्या आधीच रणगाडे काढायला सुरुवात केली... इथपर्यंत आले की त्यांचे डोळे भरायचे. भोसरीचं शेड जागामालकाने रिकामं करायला लावलं तेव्हा त्यांनी स्वतः चाकणला तेच केलं होतं. पत्रे आलेले नव्हते, वरून ताडपत्री, खाली गुडघाभर चिखल, आणि लेथ चालू. गिऱ्हाइकाचा माल एक दिवस उशिरा गेला नाही. त्या दिवसांत मी भेटायला गेलो तर ताडपत्रीखाली उभं राहून मला म्हणाले, "बघा, उरल." मी हसलो आणि त्यांच्या पायांकडे बघितलं. चपला चिखलात कुठेतरी गेल्या होत्या आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

केतकी या सगळ्यात वाढली. तिला बाहुल्यांच्या आधी बोल्ट मिळाले. पण ती बापापेक्षा वेगळे प्रश्न विचारायची. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांत दारू भरणाऱ्या कारखान्यांतल्या बायकांचं अंग पिवळं पडायचं, असं एकदा सुधाकरराव सांगत होते. मुद्दा होता उत्पादन कसं वाढवलं हा. केतकी म्हणाली, "मग त्यांचं पुढे काय झालं?" ते थांबले. "ते वाचायला पाहिजे," म्हणाले आणि परत उत्पादनावर आले. दुसऱ्या वेळी ते सांगत होते की त्या लढाईतले कितीतरी गोळे फुटलेच नाहीत, चिखलात तसेच घुसले, आणि आजही तिकडचे शेतकरी नांगरताना ते वर निघतात. केतकी तेव्हा कॉलेजला होती. ती म्हणाली, "म्हणजे लढाई संपली तरी माल संपत नाही." यावर आम्ही दोघेही मोठ्याने हसलो होतो. चांगलं वाक्य आहे म्हणून मी ते ऑफिसातही सांगितलं.

ती इंजिनियर झाली, दोन-तीन वर्षं बाहेर नोकरी केली आणि मग वर्कशॉपमध्येच आली. सुधाकररावांनी जन्मभर इंजिनाचे भाग बनवले, आणि आता रस्त्यावर बिनइंजिनाच्या गाड्या यायला लागल्या. दरवर्षी ऑर्डर थोडी थोडी आटत गेली. एक लेथ झाकून ठेवला, मग दुसरा. माणसं मात्र त्यांनी काढली नाहीत, नुसता ओव्हरटाइम बंद केला. मूळचा मोशीचाच शंकरभाऊ भोसरीच्या शेडपासून त्यांच्याकडे सेटर, म्हणजे मशीनवर माप बसवून देणारा. त्याच्या हाताखालची पोरं बीड, परभणी, कोकण कुठून कुठून आलेली. अशात या उन्हाळ्यात एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. त्यांना तोफगोळ्याच्या पोकळ पोलादी बॉडी टर्निंग करून, म्हणजे लेथवर कातून, हव्या होत्या. दारू दुसरीकडे कुठेतरी भरायची. माल परदेशी जाणार. कुठे, ते त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. झाकलेली सगळी मशीन चालू होतील एवढं काम होतं. केतकीला ते घ्यायचं होतं. शेवटचा शब्द मात्र बापाचा, आणि जन्मभर तोफा, गोळे, रणगाडे याखेरीज न बोललेला तो बाप "बघू" म्हणून गप्प झाला.

मला आधी हसूच आलं. मी फोनवर म्हणालो, "अहो, तुमच्या घरी तर खुद्द तोफखाना चालून आला, आणि तुम्ही विचार काय करताय?" त्यांनी विषय बदलला. असं कधी व्हायचं नाही. सकाळचे फोन येत राहिले, पण ते पेपरातली युद्धाची बातमी वाचून दाखवायचे आणि त्यावर मत द्यायचे नाहीत. त्यांनी नमुन्याची एक बॉडी स्वतः लेथवर उभं राहून काढली, असं केतकीने सांगितलं. सगळी मापं बरोबर आली. तरी उत्तर "बघू".

जायच्या आधीच्या रविवारी मी मोशीला गेलो. फरशीवर बोल्ट मांडलेले नव्हते. ते म्हणाले, "चला, जरा इंद्रायणीकडं जाऊन येऊ." नदीपर्यंत ते घाईघाईने चालत गेले, जणू कोणी बोलावलं होतं. काठावर बसले, लगेच उठले, परत बसले. मग म्हणाले, "साडूभाऊ, आजवर माल चांगला निघाला की जिवाला बरं वाटायचं. ह्या कामात काय वाटावं तेच कळंना. चांगला बनवला तर तिथं फुटणार. वाईट बनवला तर फुटायचा न्हाई, पडून राहणार, आन् उद्या कुणाचं तरी लेकरू त्याला हात लावणार." मी म्हणालो, तुम्ही नाही केलं तर दुसरा कोणी करेल. ते म्हणाले, "ते झालंच. ते मी रोज म्हणायलोय स्वतःला." पुलावरून बस, दुचाक्या, कंटेनर जात होते. माझ्याकडे न बघता ते बोलले, "तो कंपनीचा माणूस म्हणाला, लढाई चालू आहे तोवर ऑर्डर पक्की. आन् राव... मी मनात म्हणालो, अजून दोन-चार वरसं चालू दे. आपोआप म्हणालो. आधी म्हणालो, आन् मग मला ऐकू आलं. जन्मभर लढाया वाचल्या मी. कुठली कुणी जिंकायला पाहिजे होती ते सांगितलं, कुठली लवकर कशी संपली असती ते सांगितलं. पण लढाई संपू नये, असं कधी वाटलं नव्हतं हो मला." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "केतकीला खंडेनवमीला सांगतो काय ते. तवर कुणाला बोलू नका." आणि आम्ही परतलो. वाटेत त्यांनी गाजराचा हलवा करायला यंदा गाजरं कशी येतील यावर चर्चा केली.

खंडेनवमीला त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक रीत होती. घरोघरी होते तशी हत्यारांची, मशीनची पूजा होतीच. दुपारपर्यंत पुसापुशी, पॅनलवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचे हार, आणि नंतर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत कुठल्याही मशीनला हात लावायचा नाही. पण त्यांची स्वतःची भर म्हणजे वर्षभरात जे नवं काम आलं असेल त्याचा पहिला पीस पाटावर मधोमध ठेवायचा आणि हळदकुंकू आधी त्याला. मग त्याच्याकडे बोट दाखवून सुधाकरराव एखाद्या लढाईची गोष्ट सांगायचे, आणि पोरं पेढ्याच्या आशेने ऐकायची. म्हणून खंडेनवमीला सांगतो म्हणाले त्याचा अर्थ मला कळला होता. नमुना पाटावर आला तर होकार, नाही आला तर नकार.

ते त्याआधीच गेले. दहावा-तेरावा झाल्यावर केतकी वर्कशॉपला गेली आणि तिला तो नमुना लाल पेटीत सापडला. कारखान्यात काम केलेल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो: लाल पेटी म्हणजे नापास मालाची. त्यात गेलेला पीस क्वालिटीवाल्याच्या परवानगीशिवाय बाहेर येत नाही. केतकीने त्याच दिवशी त्या कंपनीला नकार कळवायचं ठरवलं. बापाने उत्तर देऊन ठेवलंय, असं तिला वाटलं, आणि ती रडत रडत हलकी झाली, असं अक्का म्हणाल्या. फोन लावणार तेवढ्यात शंकरभाऊ आला. "ताई, ते तसं न्हाई," तो म्हणाला. "सायब सेटिंगचे, माप बसवायला काढलेले समदे पीस लाल पेटीतच टाकायचे. चुकून चांगल्या मालात जाऊ नये म्हणून. आमी भोसरीला व्हतो तवापासनं त्यांची तीच पद्धत हाय." झालं, उत्तर परत गायब. कारखान्याबाहेरच्या कोणाची अशी फसगत झाली नसती. त्याला तो लोखंडाचा तुकडा कुठल्या पेटीत आहे याने काहीच फरक पडला नसता.

यंदा घरी सण नव्हता. वर्कशॉपमध्ये पूजा करावी की नाही, असा प्रश्न आला तेव्हा मंगलअक्काच म्हणाल्या, "दुखवटा आपल्याला आहे, मशीनना कशाला? त्यांनी यांना जन्मभर पोसलंय." म्हणून मागच्या आठवड्यात खंडेनवमीला मी चाकणला गेलो. झाकलेल्या मशीनचीही कव्हरं काढून पुसली होती. शंकरभाऊने पाट मांडला, नट आवळायचे पाने, मापं घ्यायचे व्हर्नियर, मायक्रोमीटर ओळीने ठेवले आणि मधली जागा मोकळी सोडली. सगळे त्या जागेकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. केतकीने मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तो नमुना होता, चकचकीत, हाताला गार. "काका," ती म्हणाली, "त्या रविवारी बाबा तुमच्याशी काहीतरी बोलले. आई म्हणते, परत आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता. मला आज उत्तर द्यायचंय. ते काय म्हणाले?"

खंडेनवमीपर्यंत बोलू नका म्हणाले होते. खंडेनवमी आली होती, आणि सांगणारा नव्हता. मी सांगितलं. जसं ते बोलले तसंच, त्यांच्याच शब्दांत, ते दोन-चार वरसं सुद्धा. ती रडेल, असं मला वाटलं होतं. ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मला वाटलं मी एकटीच तशी आहे." मला कळलं नाही. "परवा पेपरात आलं होतं ना, शस्त्रसंधीची बोलणी सुरू झाली म्हणून? वाचल्या वाचल्या मी हातातल्या ऑर्डरी मोजायला लागले. आता पोरांचं काय करायचं, हाच पहिला विचार. नंतर स्वतःची इतकी किळस आली... बाबांना सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते, याचाच विचार करत होते मी. त्यांनी मला सांगायला पाहिजे होतं, काका." मी म्हणालो, सांगणारच होते.

तिने नमुना उचलला आणि बाहेर गेली. मीही मागे गेलो. पाटाजवळ ती क्षणभर थांबली, आणि पुढे जाऊन तिने तो लाल पेटीत ठेवला, झाकण लावलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शंकरभाऊ, काम घेतलंय मी. दसरा झाला की माल येईल. माणसं घरी बसवायची नाहीत मला. पण याला हळदकुंकू लावायचं नाही. यंदाही नाही, पुढेही नाही." शंकरभाऊने मान डोलावली आणि पाटावरच्या मोकळ्या जागेत सुधाकररावांचा जुना मायक्रोमीटर सरकवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण एकाचा सुटलेला श्वास मला ऐकू आला. नारळ फुटला. गोष्ट कोणी सांगितली नाही. पेढे वाटून झाल्यावर सगळे उगाच थोडा वेळ उभे होते.

तिने बरोबर केलं का? मला विचारू नका. मी रोज वेगळं उत्तर देतो आणि रोज गॅलरीत जाऊन येतो. सुधाकरराव असते तर फरशीवर बोल्ट मांडून आम्ही महिनाभर भांडलो असतो, आणि शेवटी अक्कांनी ते झाडून टाकलं असतं.

त्यांचा नंबर केतकीने बंद केला नाही. गिऱ्हाइकं त्याच नंबरवर येतात. त्यामुळे सकाळी पेपर दारात पडला की पाठोपाठ फोन वाजतो आणि नाव त्यांचंच दिसतं. मी आता आधी काही बोलत नाही. केतकी विचारते, "काका, लढाई थांबली का?" मी पान उलटून बघतो आणि सांगतो, "नाही, चालू आहे." पलीकडे ती एक श्वास सोडते. तो कसला ते मी तिला विचारत नाही, आणि माझा कसला ते ती मला विचारत नाही.